काजूच्या बुंध्यातील रोठा : ओळख, जीवनक्रम आणि शाळेचे कार्य

मालवणच्या किनाऱ्यालगतची माडांची बने मागे पडून जमीन चढू लागली, की जांभ्या दगडाचा सडा आणि भरड माती यांचा प्रदेश सुरू होतो. या प्रदेशात काजूचे झाड नाही अशी वाडी सापडणे कठीण. मालवणीत 'काजी' या नावाने ओळखले जाणारे हे झाड पाण्याची फारशी अपेक्षा करीत नाही आणि उतारावरील पातळ मातीतही तग धरते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते घरात रोख पैसा आणते. काजूबी विकून पावसाळ्याची बेगमी करावी आणि जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांची तरतूद करावी, हा अनेक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे.

अशा भरल्या झाडाची पाने एखाद्या वर्षी पिवळी पडू लागतात. शेंड्याकडील डहाळ्या वाळतात, आणि काही महिन्यांत उभे झाड निष्पर्ण होते. पाणी कमी पडले, वाळवी लागली, झाड म्हातारे झाले, कोणाची दृष्ट लागली, अशी नाना कारणे मग सांगितली जातात. पुष्कळदा यांपैकी एकही खरे नसते. झाडाचा नाश त्याच्या पायाशी, सालीच्या आत, कित्येक महिन्यांपूर्वीच सुरू झालेला असतो. तो करणाऱ्या अळीला कोकणात 'रोठा' म्हणतात. काजूचे खोड व मूळ पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याची ही बाल्यावस्था होय.

पाने पिवळी पडल्यावर झाड वाचविणे बहुधा अशक्य असते. परंतु बुंध्याशी पहिला भुसा दिसताच उपाय केला, तर ते वाचू शकते. हा भुसा पाहण्यास दुर्बीण लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. त्याला लागते ते जाणते निरीक्षण. आणि निरीक्षणाची सवय लावणे हे तर प्राथमिक शाळेचे मुख्य कार्य आहे.

झाडाची साल काय करते?

रोठ्याचे कृत्य समजण्यासाठी प्रथम सालीचे कार्य समजले पाहिजे. साल म्हणजे झाडाचे अंगरखे, एवढीच कल्पना मुलांच्या मनात असते. बाहेरच्या कोरड्या, खडबडीत थरापुरती ती खरीही आहे. परंतु त्या थराच्या आत सालीचा एक मऊ, ओलसर, जिवंत थर असतो. या थरात रसवाहिन्या असतात. पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न या वाहिन्यांतून खाली मुळांपर्यंत पोहोचते. मुळांनी शोषलेले पाणी मात्र सालीतून वर जात नाही. ते आतील लाकडामधील जलवाहिन्यांतून चढते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक अतिशय पातळ थर असून, नवी साल व नवे लाकूड तोच निर्माण करतो. खोडाची जाडी वाढते ती या थरामुळे.

इटालीतील शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी यांनी सतराव्या शतकात फांदीची साल कड्याच्या आकारात सोलून काढण्याचे प्रयोग केले. सोललेल्या कड्याच्या वरच्या बाजूस फांदी फुगते, असे त्यांना आढळले. वरून येणारे अन्न तेथे अडते आणि साचते, हे त्याचे कारण. खालच्या भागास अन्न मिळत नाही. एका फांदीच्या बाबतीत जे घडते तेच संपूर्ण खोडाच्या बाबतीत घडले तर? पाने हिरवी राहतील, पाणीही काही काळ वर चढत राहील. परंतु मुळे उपाशी पडतील. उपाशी मुळे हळूहळू पाणी शोषण्याचे सोडतील, आणि त्यानंतर पाने पिवळी पडतील. म्हणजे पानांवर दिसणारे चिन्ह हे रोगाचे पहिले चिन्ह नसून जवळजवळ शेवटचे असते.

जलवाहिन्यांचे कार्य वर्गात दाखविणे सोपे आहे. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या तेरड्याचे रोप मुळासकट उपटून, धुऊन, लाल शाई मिसळलेल्या पाण्यात उभे करावे. तेरड्याचे खोड अर्धपारदर्शक असल्याने काही तासांत लाल रेषा वर चढताना दिसतात. नंतर खोड आडवे कापून दाखविले, म्हणजे पाणी विशिष्ट वाहिन्यांतूनच जाते हे मुलांच्या ध्यानी येते. माल्पिगी यांचा प्रयोग करावयाचा झाल्यास छाटणीसाठी राखून ठेवलेल्या एखाद्या फांदीवरच तो शिक्षकाने स्वतः करावा. मुख्य खोडाची साल कोणत्याही कारणाने सोलू नये.

सालीवर जगणारे भुंगेरे

भुंगेरे हा कीटकांचा सर्वांत मोठा गण आहे. पंखांची पुढची जोडी कठीण होऊन पाठीवर ढालीसारखी बसते आणि उडण्याचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात, ही या गणाची खूण. मुलांच्या परिचयाचा गेंड्या भुंगा याच गणातला. मात्र त्याचा आणि रोठ्याचा घोटाळा होऊ देऊ नये. गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्याचा कोवळा कोंब पोखरतो आणि त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. रोठ्याचे सर्व बालपण जिवंत झाडाच्या बुंध्यात जाते.

सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांची जगप्रसिद्ध उदाहरणे थंड प्रदेशांतील सूचिपर्णी अरण्यांत आढळतात. अशी अरण्ये कोकणात नाहीत. मालवणच्या पुळणीवर लावलेला सुरू दिसण्यात सूचिपर्णी वाटतो. परंतु तो खरा सूचिपर्णी वृक्ष नव्हे. त्याच्या ज्या सुया भासतात त्या पेरे असलेल्या बारीक डहाळ्या असून, खरी पाने प्रत्येक पेऱ्यावर सूक्ष्म खवल्यांच्या रूपाने असतात. युरोपातील स्प्रूस वृक्षाच्या सालीत राहणारा भुंगेरा अवघा ४ ते ५ मि.मी. लांबीचा असतो. नर सालीत छिद्र पाडून लहानशी खोली कोरतो आणि एका विशिष्ट गंधाने आपल्या जातीच्या इतर भुंगेऱ्यांना बोलावतो. माद्या तेथून उभे बोगदे कोरून त्यांच्या दोन्ही कडांना अंडी घालतात, आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या आडवे बोगदे कोरीत जातात. साल उचकटून पाहिली असता आत छापील मजकुराच्या ओळींसारखी नक्षी दिसते. म्हणूनच लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्या भुंगेऱ्याच्या नावात 'मुद्रक' या अर्थाचा शब्द योजिला. निरोगी स्प्रूस चीक सोडून आक्रमकांना बुडवितो. परंतु वादळाने पडलेल्या किंवा अवर्षणाने खंगलेल्या वृक्षास ते बळ उरत नाही. त्यातच भुंगेऱ्यांच्या अंगावरून आलेली बुरशी लाकडात पसरते आणि जलवाहिन्या बंद पाडते.

काजूवरील भुंगेरा या लहान मुद्रकांच्या कुळातला नाही. तो लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे. देह मोठा, बोगदे रुंद आणि नक्षी वेडीवाकडी. परंतु दोघांचे मर्मस्थान एकच, आणि ते म्हणजे सालीतील अन्नाचा प्रवाह. या भुंगेऱ्याचे नावही लिनियसनेच ठेवले. प्लोसीडेरस फेरुजिनियस या नावाने तो दीर्घकाळ ओळखला गेला. अलीकडे त्याच्या प्रजातीला निओप्लोसीडेरस असे म्हणतात. फेरुजिनियस म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या रंगाचा, आणि हे वर्णन त्यास अगदी लागू पडते.

अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत

पूर्ण वाढलेला भुंगेरा साधारणतः ३ ते ४ सें.मी. लांब, गर्द तांबूस-तपकिरी रंगाचा असतो. नराच्या मिशा त्याच्या शरीराहूनही लांब असतात. दिवसा तो क्वचितच दृष्टीस पडतो. त्याचा संचार मुख्यतः अंधार पडल्यावर चालतो. त्यामुळे ज्यांच्या बागेत रोठ्याने झाडे मारली, अशा पुष्कळ बागायतदारांनी त्याचा भुंगेरा कधी पाहिलेलाही नसतो.

मादी आपली अंडी बुंध्याच्या सालीतील भेगांत, जमिनीलगतच्या भागात आणि उघड्या पडलेल्या मुळांवर घालते. अंडे पांढरे आणि तांदळाच्या लहान दाण्यासारखे दिसते. सुमारे आठवड्याच्या आत त्यातून अळी बाहेर पडते आणि साल कुरतडून आत शिरते. हाच रोठा. त्याचे अंग पिवळसर पांढरे आणि वळकट्यांचे असून डोके गर्द तपकिरी, तर जबडे अत्यंत बळकट असतात. पाय जवळजवळ नसल्यासारखेच. बोगद्याच्या भिंतींना अंगाच्या वळकट्या टेकून तो पुढे सरकतो. पूर्ण वाढीस आलेला रोठा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा होतो.

सुमारे सहा ते सात महिने तो साल आणि तिच्याखालील कोवळे लाकूड खात राहतो. त्याचा मार्ग कधी वर खोडाकडे, कधी खाली मुळांकडे, तर कधी बुंध्याभोवती आडवा जातो. खाल्लेल्या सालीचा चोथा आणि विष्ठा यांचा तंतुमय भुसा मागील बोगद्यात ठासून भरला जातो, आणि त्यातला काही छिद्रांतून बाहेर पडतो. झाड आपल्या परीने प्रतिकार करते. जखमेतून डिंक वाहू लागतो आणि भुशात मिसळून बुंध्याशी साचतो. एकाच झाडात निरनिराळ्या वयाचे अनेक रोठे एका वेळी असू शकतात.

वाढ पूर्ण झाली, की रोठा बहुधा बुंध्याच्या किंवा मोठ्या मुळाच्या लाकडात शिरतो आणि स्वतःभोवती चुन्यासारखे कठीण, पांढरट कवच तयार करतो. या कवचाच्या आत तो कोशावस्थेत जातो. अळीचे भुंगेऱ्यात रूपांतर व्हावयास सुमारे दोन महिने लागतात. भुंगेरा तयार झाल्यावर कवच फोडून बाहेर येतो, जोडीदार शोधतो आणि पुन्हा नवा क्रम सुरू होतो. अंडे, अळी, कोश आणि भुंगेरा या चारही अवस्था पूर्ण होण्यास साधारणपणे एक वर्ष लागते. फुलपाखराचे पूर्ण रूपांतरण पाठ्यपुस्तकात शिकविले जाते. रोठ्याचे रूपांतरण त्याच प्रकारचे असून ते गावातल्या झाडातच चाललेले असते.

झाड वाळले म्हणून रोठ्याचा वंश त्याबरोबर संपत नाही. मृत झाडाच्या बुंध्यात आणि मुळांत मोठ्या अळ्या व कोश तसेच असतात, आणि यथाकाल त्यांतून भुंगेरे बाहेर पडतात. वाळलेले झाड 'पुढे-मागे सरपणाला होईल' म्हणून उभे ठेवणे, म्हणजे शेजारच्या झाडांसाठी शत्रूची वसाहत राखून ठेवण्यासारखे आहे.

लक्षणांचा क्रम

रोगाची चिन्हे ज्या क्रमाने प्रकट होतात, त्या क्रमाने ती मुलांना शिकवावी.

पहिले चिन्ह जमिनीलगतच्या सालीवर लहान छिद्रे व त्यांतून डोकावणारा थोडासा भुसा हे होय. ताजा भुसा तांबूस व ओलसर असतो. जुना काळपट व कोरडा पडतो. दुसरे चिन्ह डिंकाचे. भुशात मिसळलेले डिंकाचे गोळे बुंध्याशी दिसू लागतात. तिसऱ्या अवस्थेत साल ठिकठिकाणी सैल होते, फाटते आणि बोटाने दाबली असता आत पोकळ लागते. या तिन्ही अवस्थांत झाडाचा माथा हिरवागारच असतो. झाडाला बोंडूही लागलेले असतात. पाने पिवळी पडणे, गळणे, डहाळ्या वाळणे आणि शेवटी झाड मरणे, ही चिन्हे त्यानंतरची.

वाळवी आणि रोठा यांतील भेदही स्पष्ट करावा. वाळवी सालीवर मातीचा लेप चढविते आणि त्या लेपाखालून हिंडते. ती बहुधा सालीचा मृत भाग खाते. रोठा मातीचा लेप करीत नाही. त्याची खूण म्हणजे तंतुमय भुसा आणि डिंक. रोठ्याने मारलेल्या सालीत मागाहून वाळवी शिरते, आणि दोष मात्र तिच्या एकटीच्या माथी येतो.

काजूवरच हे संकट का?

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. पुढे कित्येक पिढ्या तो येथे रानात, बांधावर आणि गडग्याच्या कडेला विखुरलेला वाढला. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र १९५७ साली सुरू झाले. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत असून, वेंगुर्ला-१ पासूनच्या काजूच्या सुधारित जाती तेथूनच प्रसृत झाल्या. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे कोकणातील पडीक वरकस जमिनी मोठ्या प्रमाणावर काजूखाली आल्या. या लागवडीने जिल्ह्याचे अर्थकारण बदलले, यात शंका नाही. परंतु तिचा एक परिणाम असाही झाला, की एकाच जातीची आणि जवळजवळ एकाच वयाची झाडे सलग उभी राहिली. रोठा मुख्यतः प्रौढ झाडांवर येतो. दहा वर्षांहून जुन्या झाडांना त्याचा उपद्रव अधिक होतो. त्या काळी लावलेली रोपे आज तिशी ओलांडून गेली आहेत.

एकवयाच्या सलग वनांचे भय काय असते, याचे मोठे उदाहरण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात घडले. तेथे १९९० नंतरच्या काळात पाइन वृक्षांच्या सालीतील एका लहान भुंगेऱ्याने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर वनक्षेत्राला उपद्रव दिला. वयस्क पाइन वृक्ष सलग पसरलेले होते, आणि अळ्यांना मारणारी कडाक्याची थंडी पूर्वीप्रमाणे पडेनाशी झाली होती. दोन्ही गोष्टी भुंगेऱ्याच्या पथ्यावर पडल्या.

दुसरे उदाहरण देशातलेच आहे. मध्य प्रदेशात शालवृक्षांची मोठी अरण्ये आहेत. रोठ्याच्याच कुळातील एक भुंगेरा शालवृक्षाचे खोड पोखरतो. १९९६ नंतरच्या काही वर्षांत मंडला व आसपासच्या जिल्ह्यांत त्याने लाखो वृक्षांची हानी केली. या भुंगेऱ्याला ताज्या शालरसाच्या गंधाची अनावर ओढ असते. तिचाच उपयोग करून वनखात्याने एक युक्ती योजली. पावसाळ्याच्या आरंभी काही वृक्ष तोडून त्यांचे ओंडके ठेचून ठेवावयाचे, आणि रस पिण्यास जमलेले भुंगेरे वेचून मारावयाचे.

या युक्तीत काजूच्या बागेसाठीही धडा आहे. काजूचा भुंगेराही जखमी झालेल्या आणि आधीच कीड लागलेल्या झाडांच्या गंधाकडे ओढला जातो. गवत कापताना बुंध्यास लागलेला कोयत्याचा घाव, खोडात ठोकलेला खिळा, पालापाचोळ्याच्या आगीने भाजलेली साल, पावसाने माती वाहून उघडी पडलेली मुळे, या सर्व गोष्टी त्यास आमंत्रण देतात. कलमी झाडांच्या फांद्या पुष्कळदा जमिनीलगत पसरतात. त्यामुळे बुंधा सदैव सावलीत व पाल्याखाली झाकलेला राहतो. भुंगेऱ्यास तो आडोसा होतो आणि मालकाच्या दृष्टीस मात्र तो पडत नाही.

उपाययोजना

रोठ्यावरील सर्वांत खात्रीचा उपाय हातानेच करावयाचा आहे. भुसा दिसताच धारदार पटाशीने तेवढ्याच जागेची मेलेली साल काळजीपूर्वक काढावी, बोगद्याचा मार्ग शोधावा, आणि तारेच्या आकड्याने रोठा बाहेर ओढून मारावा. सर्व रोठे व कोश निघाले आहेत, अशी खात्री करून घ्यावी. जिवंत साल शक्य तितकी राखावी. कारण रोठ्याने केले त्याहून अधिक नुकसान उतावळ्या पटाशीने होऊ शकते. साफ केलेल्या जखमेवर कोणते औषध, किती प्रमाणात लावावे, हे गावच्या कृषी सहाय्यकास विचारून ठरवावे. बुंध्यास सुमारे एक मीटर उंचीपर्यंत डांबर व रॉकेल यांचे मिश्रण किंवा कडुनिंबाचे तेल लावण्याची शिफारसही काजू संशोधनातून झालेली आहे. तिचा उद्देश मादीस अंडी घालण्यापासून परावृत्त करणे हा होय. कीटकांना रोग उत्पन्न करणाऱ्या बुरशीचाही या कामी उपयोग करण्यात आला आहे.

झाड वाचेल की नाही, हे ठरविण्याचा एक सोपा निकष आहे. बुंध्याच्या परिघापैकी निम्म्याहून कमी साल नष्ट झाली असेल आणि पाने पिवळी पडली नसतील, तर उपचार करावा. निम्म्याहून अधिक साल गेली असेल, किंवा माथा पिवळा पडला असेल, तर झाडाचा मोह सोडून ते मुळासकट काढावे. बुंधा व मुळे फोडून आतील रोठे आणि कोश नष्ट करावेत. हे काम नव्या भुंगेऱ्यांनी बाहेर पडण्यापूर्वी व्हावयास हवे. झाड तोडून बुडखा जमिनीत ठेवला, तर अर्धेच काम झाले असे समजावे.

प्रतिबंधाचे नियमही थोडेच आहेत. जमिनीलगतच्या फांद्या लहानपणीच छाटून बुंधा मोकळा ठेवावा. उघड्या मुळांवर माती चढवावी. बुंध्याशी पाल्याचे ढीग साचू देऊ नयेत आणि तेथे ते जाळूही नयेत. झाडास विनाकारण जखम करू नये. बुंध्यावर टोचणारा सुतारपक्षी दिसल्यास त्यास हाकलू नये. सालीखालच्या अळ्या हे त्याचे अन्न आहे.

शाळेने काय करावे?

काजूबी वेचण्याच्या दिवसांत घरातली लहानथोर मंडळी प्रत्येक झाडाखाली जातात. बी वेचताना दृष्टी जमिनीवर असतेच. ती बुंध्याकडे वळविली की पाहणी झाली. मार्च-एप्रिलमध्ये मुले घरच्या कामास हातभार लावतात, तेव्हा त्यांना 'प्रत्येक झाडाचा बुंधा पाहून ये' एवढाच गृहपाठ द्यावा. पावसाळ्यापूर्वी एकदा, दसऱ्यानंतर गवत कापून झाल्यावर एकदा, आणि मोहोर येण्याच्या वेळी एकदा, अशी आणखी तीन वेळा पाहणी करता येईल.

शाळेच्या आवारात किंवा जवळच्या बागेत, मालकाच्या संमतीने, काही झाडांना क्रमांक द्यावेत. क्रमांकाची पाटी खोडात ठोकू नये. ती सुतळीने सैल बांधावी. वहीत पुढील रकाने आखावेत : झाडाचा क्रमांक, पाहणीची तारीख, बुंध्याशी भुसा आहे की नाही, भुसा ताजा की जुना, डिंक, पानांचा रंग, आणि मालकास कळविल्याची नोंद. शेवटचा रकाना विसरू नये. मालकापर्यंत न पोहोचलेली नोंद झाडाच्या उपयोगी पडत नाही.

याच नोंदींतून गणिताचा पाठही साधतो. सुतळी व मोजपट्टी यांच्या साहाय्याने मुलांनी बुंध्याचा परीघ आणि मेलेल्या सालीची रुंदी मोजावी. परीघ ९० सें.मी. आणि मेलेली साल ३० सें.मी. असेल, तर एक-तृतीयांश साल गेली. झाड उपचारास योग्य आहे. तीच रुंदी ५० सें.मी. भरली, तर निम्म्याची मर्यादा ओलांडली गेली. पाने अजून हिरवी दिसत असली, तरी या झाडाची आशा सोडावी लागेल. अपूर्णांकाचा अर्थ फळ्यावरील वर्तुळापेक्षा या बुंध्यावर मुलांना अधिक लवकर कळतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी. मुलांचे काम पाहणे, मोजणे, लिहिणे आणि सांगणे एवढेच आहे. पटाशी चालविणे व औषध लावणे ही कामे मोठ्या माणसांची होत. कीटकनाशकाची बाटली, डबा वा फवारणीचे साहित्य मुलांच्या हाती कदापि देऊ नये. काजूबीच्या टरफलातील तेल त्वचा भाजून काढते. म्हणून बिया फोडण्याचे वा दाताने चावण्याचे धाडस मुलांना करू देऊ नये. पाल्यात सर्प किंवा विंचू असण्याचा संभव असल्याने बुंध्याजवळील पाला हाताने न सारता काठीने दूर करावा. बागायतदाराने काढलेला रोठा मिळाल्यास तो काचेच्या बाटलीत ठेवून वर्गात दाखवावा आणि नंतर नष्ट करावा. रिकामे कोशाचे कवच मात्र शाळेच्या संग्रहात नावासह जपून ठेवण्यासारखे असते.

ज्या गावात निरनिराळ्या वाड्यांतून मुले शाळेत येतात, तेथे एका वर्गाने मनावर घेतल्यास गावातील बहुतेक बागांचे बुंधे वर्षातून चार वेळा पाहिले जातील. ज्या झाडाशी ताजा भुसा आढळेल, त्या झाडाच्या मालकास त्याच दिवशी निरोप जावा, आणि आठवडाभरात पटाशी चालली की नाही, याची चौकशी त्याच मुलाकडे करावी.